भुंगेऱ्यांचे अगदी जवळून फोटो काढायला महागडी मॅक्रो लेन्स घ्यावीच लागते का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात राहता, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स आहे, शिवाय एक ५५-२५० कपाटात पडून आहे. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावरच्या ढालकिड्याचा, म्हणजे लेडीबर्डचा फोटो काढला की पाठीवर पांढराफटक डाग येतो आणि तोंडाकडचा भाग धूसर राहतो. तर आता तीस-चाळीस हजारांची मॅक्रो लेन्स घ्यावी का?

आत्ता घेऊ नका. या दोन्ही तक्रारी नवी लेन्स लावूनही तशाच राहतील.

आधी डागाचं बघू. ढालकिडा हाही भुंगेराच, आणि भुंगेऱ्याची पाठ म्हणजे त्याचे कडक झालेले पुढचे पंख. ते इतके गुळगुळीत असतात की समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब दाखवतात. उघडा फ्लॅश मारला की त्या पाठीवर फ्लॅशचंच बारकं, जळजळीत प्रतिबिंब उमटतं, आणि तोच तुमचा डाग. तेव्हा फ्लॅश किड्याच्या मानाने मोठा आणि जवळ आणायचा. नवीन टीव्हीच्या खोक्यात पातळ पांढरी फोमशीट येते ना, ती मी फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत कमानीसारखी वाकवून रबरबँडने बांधतो. आतून आणखी एक थर ट्रेसिंग पेपरचा. मग डागाच्या जागी दुधाळ, पसरट चमक येते आणि तिच्याखालचे ठिपके, खळगे, रंग सगळं दिसायला लागतं. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर १/२०० सेकंद, ॲपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र एफ ११ (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), आयएसओ म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता २००, फ्लॅश १/८ ताकदीवर, इथून सुरुवात करा. कमी ताकदीचा फ्लॅश फार थोडा वेळ पेटतो, त्यामुळे हात थोडा हलला तरी चित्र गोठतं.

धूसरपणाचं कारण वेगळं आहे. किडा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो, म्हणजे एकास एक, तेव्हा स्पष्ट दिसणारी खोली एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. ढालकिडा स्वतःच पाच-सहा मिलिमीटरचा! म्हणून पाठीवर फोकस बसला की डोळे गेलेच. खोली वाढवायला एफ २२ केलं तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळा फोटोच मऊ पडतो, त्या वाटेला जाऊ नका. फोकसची रिंग एका जागी ठेवा आणि स्वतः केसभर पुढे-मागे झुला. डोळा लख्ख दिसला की बटण. डाव्या हाताच्या दोन बोटांत फांदी हलकेच धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा. मग वाऱ्याने फांदी हलली तरी लेन्सही तिच्याबरोबरच हलते. ही एक सवय लागायला मला पूर्ण पावसाळा लागला, पण माझ्या फोटोंत सगळ्यात मोठा फरक तिनेच पाडला.

पैसे खर्च करायचेच असतील तर तुमच्या ५५-२५० वर चिमट्यासारखं बसणारं रेनॉक्स डीसीआर-२५० भिंग घ्या. त्याची भिंगाची ताकद +८ डायॉप्टर आहे. झूम १२५ च्या आसपास असताना साधारण एकास एक मिळतं, २५० ला त्याच्या दुप्पट. किड्यापासून अंतर बारा सेंटीमीटरच्या आसपास राहतं, म्हणजे तो बिचकून उडत नाही. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्याही चालतील, पण इलेक्ट्रिक संपर्क असलेल्याच घ्या, नाहीतर बऱ्याच लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलता येत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते झाडांबद्दल. किडा शोधत फिरू नका, झाड निवडा आणि त्याच्यापाशी बसा. माझं झाड रुईचं होतं, आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून उगवलेलं. कोवळ्या शेंड्यावर पिवळा मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, काळ्या पायांचे, एकाला एक चिकटून. त्याचा गोड स्राव चाटायला मुंग्या, आणि मावा खायला ढालकिडे. एकदा त्यात मगरीसारखा दिसणारा काळसर, काटेरी जीव दिसला. भिंगातून पाहिलं तर त्याने एक मावा पुढच्या पायांनी आवळला होता आणि त्यातला रस शोषत होता. मावा फुग्यासारखा बसत बसत नुसतं साल उरलं. ती ढालकिड्याचीच अळी होती. पुढे ती पानाला चिकटून कोषात गेली आणि आठवडाभरात त्यातून फिकट पिवळा, एकही ठिपका नसलेला ढालकिडा बाहेर आला. ठिपके त्याच्या पाठीवर नंतर हळूहळू उमटत गेले. मी खाली घोंगडी टाकून दोन तास बसलो होतो. पुढच्या महिन्यात सोसायटीने ती रुई ‘रान वाढलंय’ म्हणून मुळासकट काढली. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

ठाण्यात अशी झाडं भरपूर आहेत. नाल्याकाठच्या बेशरमीची पानं उलटून बघा, तिथे कासव-भुंगेरे असतात. त्यातल्या काहींची पाठ शुद्ध सोन्यासारखी चमकते. त्यांची अळी स्वतःची वाळलेली विष्ठा आणि टाकलेली कात शेपटीच्या काट्यांवर छत्रीसारखी धरून फिरते. ते सोनं भुंगेरा जिवंत असेपर्यंतच असतं. कवचाच्या थरांतल्या ओलाव्यामुळे तो रंग दिसतो, किडा मेला आणि वाळला की पाठ तपकिरी होते. म्हणून किडे फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा किंवा मारून टाचणीला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर अजिबात ऐकू नका.

पावसाळ्यात जास्वंदीच्या आणि भेंडीच्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेले भुंगेरे येतात. शेतकरी त्यांना हिंगे म्हणतात. फोटो जरूर काढा, पण हात लावू नका. त्यांच्या अंगातल्या कॅन्थरिडिन नावाच्या रसायनाने कातडीवर फोड येतात.

येऊरला जावंसं वाटेल. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तेव्हा वनखात्याच्या वेळा आणि परवानगी आधी विचारून घ्या, आणि आत पानसुद्धा तोडू नका. घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात फुलपाखरं बघणं नवख्या माणसाला फार सोपं जातं. सकाळी लवकर जा. ऊन तापायच्या आत किडे संथ असतात आणि वाराही कमी.

पण सुरुवात बाल्कनीतूनच करा. तुमच्या कढीपत्त्यावर ढालकिडा आहे म्हणजे मावा किंवा तसलं काही असणारच, तेव्हा औषध फवारू नका. आज रात्री जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन कोवळी पानं एकेक करून बघा. पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर पुसू नका, जवळून बघा. बहुतेक ती लिंबाळी फुलपाखराची लहान अळी असेल. ती फारशी हलत नाही, त्यामुळे फोमशीट बांधून पहिला फोटो तिचाच काढून बघा.