वाचकांचे प्रश्न : केरासवर औषध सापडले म्हणजे नेमके काय झाले?

प्रश्न : केरास हे जनुक अनेक कर्करोगांत बिघडलेले असते, पण त्यावर औषध बनूच शकत नाही, असे मी विद्यार्थिदशेत शिकलो होतो. आता त्यावर गोळ्या निघाल्याचे वाचले. मग आधीचे म्हणणे चुकीचे होते का?

उत्तर : चुकीचे म्हणता येणार नाही, तेव्हा हाती असलेल्या माहितीवरून ते रास्तच होते. माणसाच्या कर्करोगात रास कुळातील जनुके बिघडलेली असतात हे १९८२ मध्ये कळले, आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे औषधशास्त्राने या प्रथिनापुढे हात टेकले होते. केरास हे पेशीला वाढीचा हुकूम पोहोचवणाऱ्या साखळीतले बटण आहे. जीटीपी हा रेणू त्यात बसला की बटण चालू होते. त्या जीटीपीचा एक फॉस्फेट तुटून जीडीपी उरला की ते बंद होते. एखाद्या प्रथिनाला औषधाने रोखायचे तर औषधाचा रेणू नीट बसेल अशी खोबण त्यावर असावी लागते. केरासवर ठळक खोबण एकच, आणि तिथे जीटीपी इतका घट्ट बसतो, शिवाय पेशीत तो इतका मुबलक असतो, की त्याला हुसकावून ती जागा औषधाला मिळवून देणे जवळजवळ अशक्य. उरलेला पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत.

वाट सापडली ती बिघाडातच. या प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसीन असते, म्हणजे सर्वांत लहान अमिनो आम्ल. तिथे दुसरे मोठे अमिनो आम्ल आले की फॉस्फेट तोडण्याच्या कामात अडसर येतो आणि बटण चालूच राहते. जी१२सी या प्रकारात तिथे सिस्टीन येते, आणि सिस्टीनमध्ये गंधकाचा अणू असतो, ज्याच्याशी औषधाला पक्का रासायनिक बंध जोडता येतो. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात केवान शोकात यांच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये या गंधकाला पकडणारे छोटे रेणू शोधले, तेव्हा ते शेजारच्या एका अशा खोबणीत शिरलेले दिसले, जी प्रथिनाच्या आधीच्या रचनाचित्रांत नीट दिसलीच नव्हती. रेणू आत शिरतो तेव्हाच ती उघडते! औषध तिथे जाऊन बसले की बटण बंद अवस्थेत अडकून पडते. निरोगी पेशींतील केरासमध्ये त्या जागी सिस्टीन नसल्याने ते प्रथिन या तडाख्यातून सुटते. या वाटेने आलेल्या सोटोरासिबला अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२१ मध्ये, तर अडाग्रासिबला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली.

तरीही ‘केरासवर औषध सापडले’ हे वाक्य मला जरा सैल वाटते. फुप्फुसाच्या नॉन-स्मॉल सेल कर्करोगात जी१२सी सुमारे १३ टक्के रुग्णांत आढळतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात मात्र ९० टक्क्यांच्या आसपास रुग्णांत केरास बिघडलेले असूनही जी१२सी एक-दोन टक्क्यांतच असतो. तिथे प्राबल्य आहे जी१२डी या दुसऱ्या प्रकाराचे, आणि त्यात पकडायला गंधकच नसतो. म्हणून तपासणीच्या अहवालात ‘केरास’ या शब्दाच्या पुढे काय लिहिले आहे, ते आधी पाहावे. शिवाय फुप्फुसाच्या कर्करोगात सोटोरासिबची डोसिटॅक्सेल या जुन्या केमोथेरपीशी थेट तुलना झाली, तेव्हा आजार पुन्हा वाढू लागेपर्यंतचा मध्यक काळ ४.५ महिन्यांवरून ५.६ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुर्मानात फरक दिसला नाही. जीवशास्त्रातला विजय मोठा आहे. रुग्णाच्या पदरात पडलेले माप अजून लहान आहे.

प्रश्न : औषध लागू पडते, गाठ आकसते आणि काही महिन्यांनी पुन्हा वाढते. औषधाची सवय होते का?

उत्तर : ‘सवय’ या शब्दाने दिशाभूल होते, कारण एकच पेशी औषधाला सरावते असे क्वचितच घडते. गाठीतल्या पेशी एकसारख्या नसतात. काहींत औषध बसण्याची जागाच बदललेली असते, काहींत केरास जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. औषधाने बाकीच्या मेल्या की मैदान यांना मोकळे मिळते. त्याखेरीज पेशीची स्वतःची दुरुस्तीही असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात केरास दाबला की वरच्या बाजूने ईजीएफआर हा ग्राहक (पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश स्वीकारणारे प्रथिन) जोर धरतो आणि साखळी पुन्हा चालू करतो. म्हणून तिथे एकटी गोळी फारशी पुरत नाही आणि ईजीएफआरला अडवणारे प्रतिपिंड सोबत द्यावे लागते. अडाग्रासिब व सेटुक्सिमॅब (असेच एक प्रतिपिंड) या जोडीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली ती याच विचारातून. प्रयोगशाळेतल्या आकृतीवर बाण मोजत बसण्याचा असा उपयोग होतो, हे विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात घ्यावे.

प्रश्न : हा बिघाड नुसत्या रक्तावरून कळतो का?

उत्तर : बऱ्याचदा कळतो. गाठीतल्या मेलेल्या पेशींचे डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात आणि त्यांत जी१२सी शोधता येतो. तो सापडला तर निष्कर्षावर विसंबता येते. सापडला नाही, तर मात्र गाठ रक्तात पुरेसे तुकडे सोडत नसण्याचीही शक्यता असते, आणि अशा वेळी गाठीचा तुकडा काढून तपासणे टाळू नये.