टूलबार आपोआप लपणारा ठेवावा का?
तुम्ही विचारलंय की स्क्रीनवर जागा मिळावी म्हणून टूलबार आपोआप लपवायची सेटिंग ऑन करू का, तर रोजचं काम असेल तर नका करू. नाशिकला पंचवटीत मामांच्या अडतीवर मी सीझनला पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या पावत्या, करायला बसतो, तिथल्या बिलिंग सॉफ्टवेअरचा टूलबार असाच लपलेला, प्रिंटसाठी माउस वर नेला की बार धपकन खाली येतो आणि पहिल्या ओळीतलं शेतकऱ्याचं नावच झाकतो, हात जरा हलला की परत गायब. समोर माणूस पट्टीसाठी ताटकळतोय, बाहेर टोमॅटोचा टेम्पो उभा, आणि मामा बटण शोधतायत, बघवत नाही हो. त्यांची चूक नाहीच यात. बटण एका जागी दिसत राहिलं की हात आपसूक तिकडे जातो, लपलं की आधी आठवा, मग बार यायची वाट बघा, मग नेम धरा.

जागाच हवी असेल तर आपल्या हाताने लपवा, वर्ड-एक्सेलमध्ये कंट्रोल आणि एफ१ एकत्र दाबलं की रिबन, म्हणजे वरचा बटणांचा पट्टा, मिटतं, परत दाबलं की येतं. विंडोज ११ चा टास्कबार लपत असेल तर सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, मग टास्कबार बिहेवियर्समध्ये ऑटोमॅटिकली हाइडची टिक काढून टाका.