गोधडीच्या कापडावरचं मार्बलिंग टिकत नाही

प्रश्न : गोधडीच्या सुती तुकड्यांवर अ‍ॅक्रिलिक रंगांनी मार्बलिंग (दाट द्रावणावर तरंगत्या रंगांची नक्षी कापडावर उचलणं) केलं. पहिल्याच धुण्यात अर्धी नक्षी गेली, शिवाय मधेमधे पांढरे गोल राहिलेत. काय चुकलं? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : रंग सुटला तो बहुधा तुरटीची प्रक्रिया राहिल्यामुळे किंवा नीट न झाल्यामुळे; तुरटीमुळे रंग कापडाला धरून राहतो. आधी कापड गरम पाण्यात धुऊन खळ पूर्ण काढा. १ लिटर कोमट पाण्यात ३०-४० ग्रॅम तुरटीपूड विरघळवून त्यात २० मिनिटं बुडवा आणि न खंगाळता वाळवा. दोरीवर दुमडून टाकू नका. दुमडीवर तुरटी साठते आणि छापात नेमका तिथे पट्टा उमटतो. एका कडेने लटकवा. इस्त्री करून आठवड्याभरात वापरा, कारण तुरटी आम्लधर्मी असते, फार दिवस राहिली तर सूत विरतं.

पांढरे गोल म्हणजे अडकलेली हवा. समोरासमोरचे दोन कोपरे धरून मधला भाग आधी टेकवा, मग कडा सोडा. टेकलेलं कापड अजिबात सरकवू नका.

रंग ज्यावर तरंगतात ते कॅरागीननचं (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या, पाणी दाट करणाऱ्या पुडीचं) द्रावण बोअरच्या पाण्यात करत असाल तर थांबा. जड पाण्यात नक्षीच्या कडा फाटतात. आरओचं पाणी घ्या. छापल्यावर लगेच, न चोळता खंगाळा. वाळल्यावर उलट बाजूने कोरडी गरम इस्त्री फिरवा.