लेन्सच्या आधी पक्षी

ताई, नमस्कार.

तुमचा मुलगा बारावी विज्ञानाला आहे. हिवाळ्यात मामाबरोबर राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानात जाऊन आल्यापासून त्याला पक्ष्यांखेरीज काही सुचत नाही. पदवीत तीन-चार वर्षं घालवण्यापेक्षा आत्ताच पूर्णवेळ वन्यजीव छायाचित्रकार व्हायचं, असं तो म्हणतो. ‘सलीम अलींकडे तरी कुठे पदवी होती?’ हा त्याचा मुद्दा, आणि मोठ्या लेन्ससाठी कर्ज काढा ही मागणी. त्याला अडवावं की जाऊ द्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

जाऊ द्या. मात्र पदवी घेऊन, आणि कर्ज न काढता.

आधी पक्षीशास्त्रज्ञ सलीम अलींचं बघू, कारण हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, हे खरं. पण नेमक्या त्याच कारणामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी प्राणी-सर्वेक्षण संस्थेतली पक्षीतज्ज्ञाची जागा त्यांच्या हातून गेली. मग मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात त्यांनी काम केलं आणि तिथून बर्लिनला पक्षीशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षीशास्त्र शिकायला गेले. १९३० मध्ये परत आले, तर संग्रहालयातली ती जागाच उरली नव्हती. त्या बेकारीच्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीमला राहून ते सुगरणींच्या वसाहतीकडे बघत बसले. नर एकामागून एक घरटी विणतो आणि अनेक माद्यांशी जोडी जमवतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवलं. पदवी नसल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. शिकणं मात्र त्यांनी कधी टाळलं नाही. मुलाला हे सगळं सांगा, अर्धंच नको.

आता पोटापाण्याचं. नुसते फोटो विकून घर चालवणारे फार थोडे आहेत. चांगले कॅमेरे आता पुष्कळांकडे आहेत आणि नाव छापून आलं तरी पुरे म्हणून फोटो फुकट देणारेही खूप. या क्षेत्रात ज्यांचं नीट चालतं, ते पक्षीनिरीक्षणाच्या सहली नेतात, कार्यशाळा घेतात, माहितीपटांसाठी काम करतात किंवा सर्वेक्षणं करतात. पवनचक्क्या उभारण्याआधी तिथून कोणते पक्षी किती उंचीवरून जातात हे कुणीतरी मोजावं लागतं. माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात, म्हणून कोणत्या तारा कुठून न्यायच्या हे ठरवायला त्यांच्या वावराची माहिती लागते. विमानतळांनाही पक्ष्यांची धडक टाळायला जाणकार हवे असतात. या प्रत्येक कामात विचारलं जातं ते एवढंच: कोणता पक्षी, किती, कधी आणि का? कॅमेरा तिथे लागतोच, पण पैसे या उत्तरांचे मिळतात.

भरतपूरला तो बहुधा रिक्षातून फिरला असेल. तिथल्या रिक्षावाल्यांना पक्षी ओळखण्याचं प्रशिक्षण मिळालेलं असतं. चित्रबलाक करकोचे कुठल्या झाडांवर आहेत, तिरंदाज हा पाणपक्षी पंख वाळवत कुठे बसतो, हे त्यांना पाठ असतं. पर्यटक त्यांना मोबदला देतात तो या माहितीचाही. मला तो धंदा फार आदराचा वाटतो.

त्याच उद्यानाची आणखी एक गोष्ट त्याने समजून घ्यावी. भरतपूरचं हे केवलादेव उद्यान म्हणजे जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, माणसाने बांध घालून घडवलेलं पाणथळ. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि म्हशींची चराई बंद करण्यात आली. हेतू चांगलाच होता. पण म्हशी जे पाणगवत खात होत्या ते मोकाट वाढलं, उघडं पाणी झाकलं गेलं आणि बदकांना, हंसांना जागा कमी पडू लागली. चराईचा तिथे उपयोग होत होता, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईच्या निसर्ग-अभ्यास संस्थेच्या अनेक वर्षांच्या अभ्यासातून पुढे आलं. कितीही सुंदर फोटो असता तरी त्यात हे दिसलं नसतं. त्यासाठी वनस्पतिशास्त्र लागतं, संख्याशास्त्र लागतं आणि वर्षानुवर्षं त्याच जागी जायची चिकाटी लागते. प्राणिशास्त्राची पदवी मी सुचवतो ती यासाठी.

पुढचा रस्ता असा. बीएस्सीला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र, जमल्यास जोडीला संख्याशास्त्र. त्यानंतर वन्यजीव विज्ञानाच्या एमएस्सीसाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. दोन्हीकडे जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी. प्रत्यक्ष रानातलं काम केलेला मुलगा तिथे वेगळा उठून दिसतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्षीशास्त्राचा अभ्यासक्रम पदवीच्या जोडीने करता येतो. पुढे भारतीय वन सेवेची परीक्षा द्यावीशी वाटली, तर तिलाही प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राची पदवी चालते. नुसत्या बारावीवर एमएस्सीचं किंवा वन सेवेचं दार उघडत नाही.

यापुढचा भाग त्याला वाचायला द्या.

मित्रा, घराजवळचं एक तळं निवड आणि वर्षभर तिथेच जा. परदेशी बदकं निघून गेल्यावर, मे महिन्यातही. दुर्बीण आणि वही आधी, कॅमेरा नंतर. पाहिलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत जा, साळुंकी आणि कावळ्यासकट. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल अशाच ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. पदवी संपेपर्यंत एकाच तळ्याच्या सलग नोंदी तुझ्याकडे असतील, तर एमएस्सीच्या मुलाखतीत बोलायला तुझ्याजवळ स्वतःचं काहीतरी असेल.

घरट्याजवळ जाऊ नकोस. हे मी फार गंभीरपणे सांगतो आहे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. भर उन्हात ती त्यांच्यावर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तू जवळ ठाण मांडून बसलास तर ती परत येणार नाही आणि आपल्याकडच्या उन्हात अंडी थोड्याच वेळात वाया जातील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं ‘शिकार’ या व्याख्येतच घातलं आहे. लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत २००९ चा विजेता फोटो नंतर बाद झाला, कारण त्यातला लांडगा माणसाळलेला असण्याची दाट शक्यता परीक्षकांना वाटली. या क्षेत्रात लोक एकमेकांना ओळखतात आणि गेलेलं नाव सहसा परत येत नाही.

राहता राहिली लेन्स. ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांब पल्ल्याची लेन्स ती थरथरही मोठी करून दाखवते. लांबून काढलेला फोटो मग कितीही महाग लेन्स असली तरी धूसर येतो. म्हणून उजाडायच्या आत पोहोच, पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीला ये आणि त्यालाच तुझ्याकडे येऊ दे. आहे त्या कॅमेऱ्यात हे सगळं शिकता येतं. एखाद्या खास सहलीपुरती मोठी लेन्स भाड्याने घे. तुझ्याकडच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव.

ताई, कर्जाचा विचार तूर्त बाजूला ठेवा. निकालानंतर कॉलेजांची यादी कराल, तेव्हा प्राणिशास्त्र विभागात शेतावर-रानात नेणारे शिक्षक आहेत का आणि जवळ एखादं पाणथळ आहे का, एवढं जरूर विचारा. ती यादी मला पाठवलीत तर दोघे मिळून बघू.