शाळेच्या लॅबमध्ये लिनक्सचे अपडेट फार हळू उतरतात. जवळचा मिरर लावला तर फरक पडेल का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते एवढं: शाळा देवगड तालुक्यात, लॅबमध्ये बारा कॉम्प्युटर, सगळ्यांवर लिनक्स मिंट २१, नेट कागदावर २० एमबीपीएसचं, आणि अपडेट लावले की अख्खी दुपार जाते. कोणीतरी सल्ला दिलाय की भारतातला मिरर टाका. जरूर टाका, पण नुसत्या तेवढ्याने तुमची दुपार वाचणार नाही. सिंधुदुर्गातल्या शाळा आणि पतसंस्थांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मिरर म्हणजे मूळ सर्व्हरवरच्या पॅकेजेसची (सॉफ्टवेअरच्या फाइलींची) दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेली हुबेहूब प्रत. सर्व्हर लांब असला की वेग का पडतो? फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ रेषेत ७,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान ७२ मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. लाईन स्वच्छ असेल तर हे फारसं जाणवत नाही. पण आपल्याकडे खांबावरून आलेली केबल, पावसात भिजलेले जॉइंट, मध्येच एखादा वायरलेस टप्पा. नेटवर डेटा पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांनी येतो, त्यातले काही वाटेत गळतात. गळलेलं पॅकेट परत मागवायला प्रत्येक वेळी तो लांबचा फेरा, शिवाय पॅकेट गळलं की पाठवणारा सर्व्हर आपला वेग खाली आणतो आणि लांबच्या फेऱ्यामुळे तो पुन्हा वर चढायलाही वेळ लागतो. गळती तेवढीच असली तरी जवळच्या सर्व्हरकडून हेच पटकन सावरतं. मिररचा खरा फायदा होतो तो इथे.

आता निवडायचा कसा. मिंटमध्ये ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’ उघडा. तिथे दोन मिरर दिसतील, ‘मेन’ आणि ‘बेस’. बरेच जण वरचा ‘मेन’ बदलतात आणि खिडकी बंद करतात. ‘मेन’मधून येतात ती मिंटची स्वतःची पॅकेजेस. बाकीचा सगळा डोलारा, म्हणजे कर्नल (सिस्टिमचा गाभा), लिबरऑफिस वगैरे, मिंट ज्यावर बांधलंय त्या उबंटूकडून ‘बेस’मधून येतो. दोन्ही बदला. नावावर टिचकी मारली की यादी उघडते आणि प्रत्येक मिररचा वेग तिथल्या तिथे मोजला जातो. हे मोजमाप शाळेच्याच नेटवर आणि शाळेच्याच वेळेत करा. रात्री घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिसलेला आकडा लॅबच्या कामाचा नाही.

नकाशा बघून मात्र मिरर निवडू नका. देवगडहून पणजी हाकेच्या अंतरावर, पण तुमचं पॅकेट बहुतेक वेळा आधी मुंबईला जाईल, कारण कंपन्यांची जाळी एकमेकांना भेटतात ती मुंबईसारख्या मोठ्या ठिकाणी. आयआयटी कानपूरचा मिरर जुना आणि नावाजलेला, पण तुमच्या केबलवाल्याच्या लाईनवर तोच सगळ्यात जलद निघेल असं नाही. मोजा आणि जो जिंकेल तो घ्या. सुरक्षा अपडेटची ओळ वेगळी असते आणि ती उबंटूच्या मूळ सर्व्हरकडेच बघते. तिला हात लावू नका, कारण मिरर कधी कधी काही तास मागे असतो. मिररवाल्याने फाइलमध्ये गडबड केली तर, ही शंका मला नेहमी विचारतात. पॅकेजच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक फाइलचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा, असतो. जुळला नाही तर एप्ट, म्हणजे अपडेट आणणारा प्रोग्राम, ती फाइल घेतच नाही.

पण तुमचं खरं दुखणं वेगळं आहे. समजा महिन्याचे अपडेट ६०० एमबी आहेत. बारा कॉम्प्युटर तीच फाइल बारा वेळा खाली उतरवतात, म्हणजे ७.२ जीबी. प्रत्यक्षात ४ एमबीपीएस मिळत असतील तर चार तास. तेच ६०० एमबी एकदाच आणले तर वीस मिनिटं. नळाला पाणी बारीक असताना बारा घरांनी मोटर लावून काय होणार, एक टाकी भरून घ्यावी.

ही टाकी म्हणजे ‘एप्ट-कॅशर-एनजी’, एकदा आणलेली पॅकेजेस साठवून ठेवणारा प्रोग्राम. लॅबमधल्या एका कॉम्प्युटरवर हे पॅकेज टाका, जुना असला तरी चालेल, हार्ड डिस्कवर ४०-५० जीबी मोकळे असले की झालं. तो ३१४२ या पोर्टवर (दरवाजाच्या नंबरवर) ऐकतो. राऊटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ता बदलेल आणि बाकीचे अकरा त्याला शोधत बसतील. उरलेल्या कॉम्प्युटरवर एप्टच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीची, म्हणजे ‘फाइल या कॉम्प्युटरमार्फत माग’ असं सांगणारी, एकच ओळ लागते. सगळ्यांना मिरर मात्र एकच द्या. आधी एका कॉम्प्युटरवर अपडेट पूर्ण होऊ द्या, मग बाकीचे लावा; ते लॅबच्या स्विचवरूनच फाइल उचलतील.

काही बारकावे आहेत. सरांच्या घरी जाणाऱ्या लॅपटॉपवर ही प्रॉक्सी टाकू नका, घरी गेल्यावर अपडेट अडतील. एचटीटीपीएसवरच्या (कुलूपबंद जोडणीच्या) बाहेरच्या रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजचे साठे, आणि फ्लॅटपॅक या वेगळ्या पद्धतीने येणारी सॉफ्टवेअर या टाकीत साठत नाहीत. मिंटमध्ये फायरफॉक्स साध्या पॅकेजच्या रूपात येतो, तो साठतो, उबंटू २२.०४ वर तो स्नॅप या उबंटूच्या वेगळ्या पद्धतीने येतो, तिथे हा फायदा नाही. ‘हॅश सम मिसमॅच’ अशी चूक दिसली तर घाबरू नका, बहुधा मिरर तेव्हा ताजा होत असतो. थोड्या वेळाने परत लावा.

आणि यूपीएस. डाउनलोड चालू असताना लाईट गेली तर एप्ट अर्धवट फाइलपासून पुढे चालू करतो, त्याचं काही वाटत नाही. इन्स्टॉल चालू असताना गेली तर मात्र डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, दुरुस्त करत बसावं लागतं. पावसाळ्यात मी शाळांना सांगतो की डाउनलोड कधीही करा, इन्स्टॉल आभाळ बघून करा.

हे सगळं करण्याआधी एक चाचणी करा. स्पीड टेस्टमध्ये मुंबईचा सर्व्हर निवडून आकडा बघा. तिथेच २० ऐवजी ४ येत असेल तर कुठलाही मिरर तुम्हाला ४च्या वर नेणार नाही, केबलवाल्याशी बोला. टॉवरवरच्या नेटचं तर काय सांगावं, गणपतीत चाकरमानी गावात उतरले की आठवडाभर अपडेटचं नाव काढू नये.

ऑफिसमध्ये विंडोजचे दोन-चार कॉम्प्युटर असतील तर त्यांना टाकी लागत नाही. विंडोज अपडेटच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे. त्यात फक्त स्थानिक नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरकडून घेण्याचा पर्याय निवडा. इंटरनेटवरच्या अनोळखी कॉम्प्युटरचा पर्याय चालू ठेवलात तर तुमची आधीच बारीक असलेली अपलोड लाईन दुसऱ्यांना अपडेट वाटण्यात खर्ची पडेल.