शाळा म्हणून मंजूर करून घ्याल आणि पहिल्या मैफलीला अडकाल

संगीत संस्थेच्या नव्या इमारतीबद्दलच्या तुमच्या पोस्टमधलं ‘शिक्षण, मैफल आणि संशोधन एकाच छताखाली’ वाचलं आणि पोटात गोळा आला. दान मिळालेली २० गुंठे जागा, ३०० खुर्च्यांचं सभागृह, आठ वर्ग, स्टुडिओ, जुन्या स्पूल टेप्सचं, म्हणजे रिळांवरच्या ध्वनिमुद्रणांचं, दालन. आणि प्रश्न असा की आराखडा कसा वाटतो, आधी फक्त वर्गांना मंजुरी घेऊन सभागृह मागाहून घुसवता येईल का? थोड्याफार फरकाने हाच कागद घेऊन आम्हीही निघालो होतो. ट्रस्टची नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या वगैरे तुम्ही उरकलं असणार, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, आर्किटेक्टही नाही; एका लहान शहरातल्या संस्थेचा बरीच वर्षं सचिव आहे, इतकंच. नियम बदलतात, ताजं काय ते तपासून घ्या.

उत्तर: बांधकाम वर्गांपासून करा, पण पहिल्या दिवसापासून मंजुरी सभागृह धरूनच मागा. २०२० पासूनच्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, शैक्षणिक इमारत वेगळी आणि लोक जमण्याची, म्हणजे असेंब्ली इमारत वेगळी. पार्किंग, जिन्याची रुंदी, बाहेर पडायचे दरवाजे, आगीची व्यवस्था, सगळं त्यावर ठरतं. जिथे तीन वापर एकत्र आहेत तिथे सगळ्यांत कडक नियम कोणाला लागतो ते बघा आणि त्याच मापाने नकाशा काढा. मागाहून जिना रुंद होत नाही.

आमचा नकाशा ज्या कचेरीत अडकला तिचं नाव घेत नाही, अजून तिथे काम पडतं. तिथल्याच एका साहेबांनी आपुलकीने सुचवलं, ‘सभागृह लिहू नका, बहुउद्देशीय कक्ष लिहा, पटकन होईल.’ आर्किटेक्टने तसं लिहिलं. मग साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी नकाशावरचा तीन फुटी चौथरा आणि समोरच्या खुर्च्यांच्या ओळी बोटाने मोजल्या आणि म्हणाले, हे तर नाट्यगृह आहे, शिक्षणात कसं बसवता? बरं, नाट्यगृह लिहून नेलं. तर दुसऱ्या टेबलावर प्रश्न, मग वर्ग कशाला? टेप्सच्या दालनावर तर कहरच झाला: हे ग्रंथालय की गोदाम? आम्ही म्हटलं, साहेब, तुम्हीच काय ते ठरवून लेखी द्या. लेखी देता येत नाही म्हणे. एक त्रुटी पूर्ण केली की दुसरी निघायची, आणि ती पहिल्या दिवशीही तिथेच होती. फाइल या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरत असताना लोखंडाचे भाव वाढले. ज्यांनी सभागृहासाठी शब्द दिला होता त्यांनी कंटाळून पैसे एका रुग्णालयाला दिले. त्यांना बोल कसा लावणार? शेवटी मागच्या बाजूने बाहेरून जिना काढावा लागला आणि त्यात आमचे दोन वर्ग गेले. त्या जागी आज स्कूटर लावतात.

म्हणून एवढं करा. नकाशा दाखल करायच्या आधी लेखी पत्राने विचारा की ही इमारत कोणत्या गटात धरणार. दाखल करताना पोच घ्या. ‘सर्व त्रुटी एकत्रित कळवाव्यात’ हे वाक्य अर्जातच टाका. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. अधिसूचित सेवांना त्यात मुदत असते, तिचा उल्लेख केला की टेबलं जरा सरळ बसतात. फाइलवर कोणी काय शेरा मारला ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. आणि कोणी तोंडी युक्ती सुचवली तर चहा प्या, आभार माना आणि घरी या. तिकीट लावून कार्यक्रम करायचे तर करमणुकीच्या परवान्याचंही याच वेळी विचारून ठेवा. अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं ‘बी’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं, तो खर्च कोणीच अंदाजपत्रकात धरत नाही.

आता ३०० खुर्च्यांबद्दल. माझं मत, पटलं तर घ्या: १२० करा. ख्यालाला आणि सारंगीला माइकशिवाय ऐकता येईल अशी खोली तुमच्या जिल्ह्यात दुसरी नसेल, ३०० चा हॉल मात्र प्रत्येक मंगल कार्यालयात आहे. फोम आणि गालिचे ठोकून खोली मुकी करू नका. गळ्याला साधारण सेकंदभराची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, हवी. एसीचा आवाज तानपुऱ्याच्या खाली राहिला पाहिजे, हे कंत्राटदाराला तानपुरा छेडूनच दाखवा, आकड्यांनी त्याला कळत नाही.

वर्गांचं एकच सांगतो. मधल्या भिंती फॉल्स सीलिंगपाशी थांबवू नका, थेट स्लॅबला भिडवा. आमच्याकडे एका बाजूला ती वरची पोकळी मोकळी राहिली आहे. तबल्याच्या डग्ग्याचा घुमार तिथून पलीकडच्या गाण्याच्या वर्गात उतरतो, आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतलं, शिकणारी पोरं नकळत शेजारी तबल्यावर वाजणाऱ्या कायद्याच्या (ठरावीक बोलांच्या रचनेच्या) लयीत जातात. दारांखालच्या फटीला रबराची पट्टी लावा, स्वस्त आहे.

इमारत झाल्याशिवाय संस्था सुरू होत नाही, हे मनातून काढा. मुंबईची एनसीपीए ही कलासंस्था १९६९ ला सुरू झाली आणि तिचं टाटा थिएटर उघडलं १९८० ला. तोवर तिथलं काम काही थांबलं नव्हतं. तुमच्याकडे टेप्स आहेत, त्यांच्या कामाला नकाशाची मंजुरी लागत नाही. उद्या सुरुवात करा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती टेप बाकीच्यांपासून वेगळी ठेवा, ॲसिटेटची असून सडायला लागली आहे. चांगल्या टेप्सही उगाच वाजवून बघू नका. जुनी टेप वाजवायची ती संगणकावर उतरवून घेतानाच, कारण दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर स्टिरिओचा एक तास जेमतेम २ जीबी होतो, जागेची चणचण नाही. चणचण आहे ती माणसांची. डब्यावर राग ‘यमन’, आत शुद्ध कल्याण, आणि तबल्याला कोण आहे हे ओळखणारे गृहस्थ ऐंशीच्या घरात. त्यांना आधी बसवा, चहा द्या, बोलतील ते ध्वनिमुद्रित करा. कॅटलॉगचं सॉफ्टवेअर नंतर बघू.

आणि कलाकारांचं संमतीपत्र! कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे. मैफल नुसती ऐकायला ठेवायची, संशोधकाला प्रत द्यायची की यूट्यूबवर टाकायची, तिन्हीची वेगळी सही मानधनाच्या पाकिटाबरोबरच घ्या. नंतर वारसांकडे जाणं फार अवघड होतं, भावंडांची भांडणं आपल्या दारात येतात.

खजिनदारांसाठी जाता जाता: ५०० रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटावर जीएसटी नाही. वर्गांच्या फीचं मात्र जुलै २०२२ नंतर बदललं. कला शिकवण्याची सूट व्यक्तीला आहे, ट्रस्टला त्या कलमात नाही. उलाढालीची मर्यादा ओलांडायच्या आधी सीएला गाठा. माझ्या वाचण्यात चूक असू शकते.

तानपुरे मिरजेहूनच घ्या आणि एसीच्या झोताखाली ठेवू नका, भोपळ्याचा सांधा सुटतो. मशीनचा तानपुरा वर्गात आणणाऱ्या शिक्षकांबद्दल मी इथे लिहीत नाही, ग्रुपचे ॲडमिन पोस्ट उडवतील.

तळमजल्याचा नकाशा टाका. तुम्ही दिलेल्या वर्णनात सभागृहाला एकच दार दिसतंय, आणि तेही वर्गांच्या व्हरांड्यात उघडणारं. ते आधी बदला.