लीना बास्केट: आवाज गेला नव्हता, पाठबळ गेलं होतं

प्रश्न असा, की बोलपट आले, आवाज चालला नाही, म्हणून मूकपटांतली अमेरिकन नटी लीना बास्केट सिनेमा सोडून कुत्री पाळण्या-वाढवण्याकडे वळली का? मला तसं वाटत नाही. 1929च्या ‘द यंगर जनरेशन’ या फ्रँक काप्राच्या अर्ध्या बोलक्या चित्रपटात ती आहे. 1930च्या दशकात बक जोन्सच्या काउबॉयपटातही दिसते. भूमिका मात्र लहान होत गेल्या.

गाडं अडलं ते सासरी. नवव्या वर्षी युनिव्हर्सलने करारबद्ध केलेली ही मुलगी 1925मध्ये वॉर्नर ब्रदर्स या चित्रपट कंपनीच्या मालक बंधूंपैकी सॅमची बायको झाली. पडद्याला आवाज द्यायचा ध्यास घेतलेला भाऊ तो हाच. बोलपटांचं युग सुरू करणाऱ्या ‘द जॅझ सिंगर’च्या प्रीमियरच्या आदल्या दिवशी, 5 ऑक्टोबर 1927ला, तो वारला. ही विशीतली विधवा, पदरात तान्ही मुलगी. मग मुलीच्या ताब्यावरून थोरल्या दिराशी, हॅरीशी भांडण, आणि 1930मध्ये मुलगी त्याच्याकडेच गेली. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये वॉर्नरांशी वाकडं घेऊन कोण टिकणार!

दुसऱ्या महायुद्धानंतर तिने पेनसिल्व्हेनियात बक्स काउंटीला ‘हनी हॉलो’ हे केनेल काढलं, म्हणजे ग्रेट डेन या धिप्पाड जातीच्या कुत्र्यांची पैदास करायची जागा. याला निवृत्त नटीची हौस म्हणणाऱ्यांनी ग्रेट डेनचं एक तरी बाळंतपण काढून बघावं. साधारण 63 दिवस मादीला जपायचं. एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज होतात, आणि एवढ्या धिप्पाड आईच्या अंगाखाली एखादं चिरडून मरतं. म्हणून मादी जिथे विते त्या पेटीच्या आतून चारी बाजूंना, भिंतीपासून थोडी सुटी अशी दांडी ठोकतात; पिल्लाला मागे सरकायला जागा राहते. तरी पहिले काही दिवस रात्री जागावंच लागतं. पुढे तेच पिल्लू वर्षभरात 45-50 किलोंचं होतं. खाऊ घालून लवकर वाढवलं की हाडांचे आजार ठरलेले, त्यामुळे हात आखडावा लागतो.

हे सगळं निभावून तिने चॅम्पियन कुत्री काढली, ग्रेट डेनवर पुस्तक लिहिलं आणि कुत्र्यांच्या स्पर्धांत जज म्हणूनही नाव मिळवलं. 1994मध्ये वारली तोवर श्वानजगतात तिचा दबदबा होता.

तिचं आत्मचरित्र 1990च्या सुमाराचं आहे. त्यातले हिटलर भेटल्याचे वगैरे किस्से तिच्याच भरवशावर वाचा. कुत्र्यांबद्दल मात्र मी तिचा शब्द घेईन.